प्रकाशमान फ्लोट

प्रकाशमान फ्लोट : रात्री गळाने मासे धरताना दोरीवर लावायचे, वरच्या टोकाला उजेड असलेले तरंगते साधन. आमिषाला माशाचे तोंड लागले की फ्लोट बुडतो, वर येतो, आडवा होतो किंवा एका बाजूला सरकू लागतो. दिवसा रंगीत टोकावरून जे वाचता येते तेच अंधारात उजेडाच्या ठिपक्यावरून वाचता यावे, एवढाच या उजेडाचा हेतू. मासा उजेडाकडे ओढला जावा अशी अपेक्षा नसते. हा भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ‘एलईडी मासेमारी’ या नावाने आपल्याकडे गाजलेल्या प्रकाराशी याची गल्लत होते. भारत सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात (देशाच्या हक्काच्या सागरी पट्ट्यात) जिच्यावर बंदी घातली ती पद्धत वेगळी. तीत जनित्रावर चालणारे प्रखर दिवे पाण्याचा मोठा पट्टा उजळून मासळीचे थवे एकत्र आणतात आणि मग त्यांना जाळ्याने वेढले जाते. फ्लोटच्या दिव्याला काही मिलिअँपिअर प्रवाह पुरतो आणि काठीजवळ बसलेल्या माणसाला तो दिसला की त्याचे काम झाले.

या साधनाचा सर्वांत बारकाईने विकास जपानमध्ये झाला. तेथे विजेवर चालणाऱ्या फ्लोटला ‘देन्की उकी’ म्हणतात आणि रात्रीची गळमासेमारी हा बंदरांच्या लाटारोधक भिंतींवर चालणारा लोकप्रिय छंद आहे. कोरिया व चीन येथे त्याचा वापर मुख्यतः तलावांवर आणि संथ नद्यांवर होतो.

उजेडाचे उगम : विजेचे छोटे दिवे येण्यापूर्वी रात्री गळ टाकणारे काठीच्या टोकाला घुंगरू किंवा घंटी बांधत, दोरी बोटावर धरून ओढ जोखत किंवा किनाऱ्यावरच्या कंदिलाच्या उजेडात फ्लोट शोधत. ब्रिटनमध्ये कार्प माशासाठी रात्र जागवणाऱ्यांनी फ्लोटऐवजी ओढ बसताच आवाज करणारे विजेचे सूचक पसंत केले. रिचर्ड वॉकर यांनी या सूचकांच्या घडणीत मोठा वाटा उचलला. स्वयंप्रकाशी फ्लोटसाठी चार मार्ग वापरले गेले : प्रस्फुरक (उजेड शोषून अंधारात चमकत राहणारा) रंग, ट्रिटियम वायूची नळी, रासायनिक प्रकाशकांडी आणि विद्युत् दिवा.

प्रस्फुरक रंग विजेरीच्या उजेडाखाली धरून ‘भरावा’ लागतो. जुने झिंक सल्फाइडचे रंग लवकर मंदावत. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये युरोपियम व डिस्प्रोसियमयुक्त स्ट्राँशियम ॲल्युमिनेट आणल्यावर उजेड टिकण्याचा काळ तासांवर गेला. तरी उजेड सतत उतरत जातो, हा दोष राहतोच. ट्रिटियमच्या नळीत वायूच्या किरणोत्सारामुळे आतला लेप सतत उजळत असतो. तिला विद्युत् घट लागत नाही आणि ट्रिटियमचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे १२.३ वर्षे असल्याने ती दीर्घकाळ टिकते. ब्रिटिश गळवाल्यांत ‘बीटालाइट’ नावाने अशा नळ्या बऱ्याच वापरल्या गेल्या, पण किरणोत्सारी पदार्थ असल्याने अनेक देशांत त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत.

रासायनिक कांडीच्या जनकत्वाचा वाद : फ्लोटच्या टोकावर बसणारी बारीक कांडी मोठ्या प्रकाशकांडीचीच लहान आवृत्ती आहे, आणि मोठ्या कांडीचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. बेल प्रयोगशाळेतील एडविन चँड्रॉस यांनी ऑक्झॅलिल क्लोराइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अनुस्फुरक रंजक यांच्या मिश्रणातून निघणारा प्रकाश १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. हा प्रकाश क्षीण होता. अमेरिकन सायनॅमिड कंपनीतील मायकेल राउहट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्झॅलिक अम्लाची फेनिल एस्टरे घेऊन त्याची कार्यक्षमता कित्येक पटींनी वाढवली, आणि ‘सायल्यूम’ हे व्यापारी नाव त्यातूनच आले. दुसरीकडे, अमेरिकी नौदलाच्या चायना लेक येथील केंद्रातही याच विषयावर काम चालू होते. गिलियम, इबा व हॉल यांच्या नावे ऑक्टोबर १९७३ मध्ये, तर रिक्टर व टेड्रिक यांच्या नावे जून १९७४ मध्ये एकस्वे (पेटंट) नोंदली गेली. डुब्रो व गुथ यांचा आवेष्टित प्रकाशी द्रव्याचा अर्ज त्याहून जुना, १९६५ चा आहे. एकस्व मात्र १९७३ मध्ये मिळाले. एकस्वाची तारीख धरली तर एक नाव पुढे येते, अर्जाची धरली तर दुसरे. शिवाय ‘प्रकाशी द्रव्य बंद करून ठेवणे’ आणि ‘वाकवताच आतली काचनळी फुटून दोन द्रव एकत्र येणे’ या दोन निराळ्या कल्पना आहेत, आणि लोकप्रिय लेखनात त्या एकच मानल्या जातात. अभिक्रियेचा पाया चँड्रॉस यांचा, उपयोगी तेज राउहट यांच्या गटाचे आणि नळीची रचना नौदलाच्या केंद्रासह अनेकांची, अशी वाटणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

अभिक्रियेतही एक दुवा दीर्घकाळ वादाचा राहिला. एस्टर व पेरॉक्साइड यांच्या संयोगातून ऊर्जासंपन्न मध्यस्थ संयुग बनते आणि ते कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये विघटित होताना आपली ऊर्जा रंजकाच्या रेणूला देते. उत्तेजित रंजक प्रकाश टाकून मूळ स्थितीत येतो. हा मध्यस्थ म्हणजे १,२-डायॉक्सिटेनडायोन, असे राउहट यांनी सुचवले. तो इतका अल्पजीवी आहे की त्याला प्रत्यक्ष गाठणे अवघड, म्हणून अन्य मध्यस्थही सुचवले गेले. तरी आजचा कल मूळ सूचनेकडेच आहे. प्रकाशाचा रंग रंजकावर ठरतो : डायफेनिल अँथ्रासीनने निळा, बिस(फेनिलएथिनिल) अँथ्रासीनने हिरवा, रुब्रीनने पिवळा.

गळवाल्याच्या दृष्टीने या रसायनशास्त्राचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. तापमान वाढले की अभिक्रिया वेगाने होते, कांडी अधिक तेजस्वी दिसते आणि लवकर संपते. थंडीत ती मंद पण दीर्घकाळ जळते. उन्हाळ्यातील दमट रात्री आणि डिसेंबरातील धरणकाठ यांत एकाच कांडीचे वर्तन यामुळे वेगळे दिसते. उरलेली कांडी बर्फाच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या रात्री वापरण्याची युक्ती याच तत्त्वावर चालते.

अशी कांडी फ्लोटच्या आकाराला उतरवण्याचे काम जपानात १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाले, असे मानले जाते. फुकुओका प्रांतातील लुमिका कंपनीची ‘केमिहोतारु’ (होतारु म्हणजे काजवा) ही कांडी त्या क्षेत्रात इतकी रूढ झाली की कोरियात फ्लोटवरच्या कोणत्याही प्रकाशकांडीला ‘केमी’ म्हणतात. तिची २५, ३७, ५० व ७५ ही मापे मिलिमीटरमधील लांबी दर्शवतात, फ्लोटवर ४.५ मिमी जाडीची ३७ मिमी कांडी सर्वाधिक दिसते.

विद्युत् फ्लोट : यातील निर्णायक टप्पा दिव्याचा नव्हता, घटाचा होता. क्योतो विद्यापीठातील नोबुआत्सु वातानाबे यांच्या कार्बन-फ्लोरीन संयुगांवरील संशोधनाच्या आधारे मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) कंपनीने १९७० च्या दशकात लिथियम-कार्बन मोनोफ्लोराइड घट बाजारात आणला, आणि त्याच दशकात त्याचा टाचणीसारखा बारीक प्रकार प्रकाशमान फ्लोटसाठी तयार झाला. या जातीचा बीआर ४३५ घट सुमारे ४.२ मिमी जाड व ३६ मिमी लांब, ३ व्होल्टचा आणि ५० मिलिअँपिअर-तास धारितेचा आहे. धाकटा बीआर ४२५ सुमारे २६ मिमी लांब व निम्म्या धारितेचा. चिनी बनावटीचा, मँगॅनीज डाय-ऑक्साइडवर चालणारा सीआर ४२५ आज स्वस्त पर्याय म्हणून सर्वत्र मिळतो.

आरंभी यात तंतूचा इवलासा बल्ब असे. लाल एलईडीची जागतिक सुरुवात निक होलोन्याक यांच्या १९६२ च्या कामापासून धरतात. एलईडी स्वस्त झाल्यावर फ्लोटमधील बल्ब हळूहळू हटला. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, हिरव्या व निळ्या दिव्याला तीनच्या आसपास लागतात. म्हणून ३ व्होल्टच्या घटावर लाल दिवा घट उतरला तरी बराच वेळ टिकतो, निळा लवकर मंदावतो. पाच मिलिअँपिअर प्रवाह धरला तर ५० मिलिअँपिअर-तासांचा घट सुमारे दहा तास, म्हणजे एक पूर्ण रात्र, चालतो. मासा लागताच हालचाल ओळखून हिरव्याचा लाल होणारा फ्लोट चीनमध्ये अलीकडे मोठ्या प्रमाणावर विकला जातो. नवख्याला तो सोयीचा वाटतो. मात्र लाटेच्या हेलकाव्यानेही रंग बदलत असल्याने जाणते त्यावर फारसे विसंबत नाहीत.

तोल आणि संवेदनक्षमता : उजेडाची किंमत तोलात मोजावी लागते, आणि हा या साधनाचा सर्वांत रोचक भाग आहे. पाण्याबाहेर राहिलेले टोक बुडवायला लागणारे बल त्या टोकाच्या काटछेदावर अवलंबून असते. १ मिमी जाडीचे टोक एक सेंटिमीटर खाली ओढायला ०.००८ ग्रॅम वजनाइतके बल पुरते; ४.५ मिमी जाडीची प्रकाशकांडी तेवढीच बुडवायला सुमारे ०.१६ ग्रॅम लागते. म्हणजे उजेड लावताच फ्लोट वीसपट ताठर होतो आणि हलक्या तोंडाच्या माशाची चाहूल हरवू शकते. यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला, दोरीवरचे शिशाचे वजन असे नेमके जुळवायचे की कांडीचा जेमतेम माथाच पाण्यावर राहावा. दुसरा, घट फ्लोटच्या पोटात खाली ठेवून वर फक्त बारीक प्रकाशवाहक टोक काढायचे. ०.८५ ग्रॅमच्या आसपास वजनाचा बीआर ४३५ घट आपल्या आकारमानाच्या पाण्याहून जड असतो. तो खाली गेल्याने गुरुत्वमध्य उतरतो आणि फ्लोट ताठ उभा राहतो. टोकावर कांडी खोचलेला हलका फ्लोट मात्र वाऱ्यात डोलतो. जपानी सागरी फ्लोटवर पेलता येणारे शिसे ‘गो’ या एककात लिहिलेले असते; एक गो म्हणजे ३.७५ ग्रॅम.

डोळा व ठिपका : काळोखात एकटाच स्थिर प्रकाशबिंदू काही वेळ पाहत राहिल्यास तो आपोआप हलू लागल्याचा भास होतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १७९९ मध्ये ताऱ्यांबाबत हे नोंदवले आणि ते ताऱ्यांचेच हलणे समजले. पुढे हर्मान ऑबर्ट यांनी १८८७ मध्ये त्याला स्वयंचलनाभास ठरवणारे नाव दिले. रात्रभर एका ठिपक्याकडे पाहणाऱ्याला मासा नसताना झटका मारावासा वाटतो त्याचे एक कारण येथे सापडते. नवशिक्याला पुष्कळदा घाईचा दोष दिला जातो. तो पुरता न्याय्य नाही. संदर्भासाठी दुसरा बिंदू मिळाला की भास ओसरतो. तलावावरील लांब फ्लोटच्या टोकावर एकाखाली एक अनेक उजळ कडी असतात ती याचसाठी, आणि त्यांतली किती पाण्यावर आहेत हे मोजून हालचाल ठरवतात. संथ पाण्यात प्रतिबिंबही हेच काम करते : फ्लोट एक सेंटिमीटर बुडाला की दिवा आणि त्याचे प्रतिबिंब यांतील अंतर दोन सेंटिमीटरने घटते.

रंगाच्या निवडीबद्दल दोन मते आहेत. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात, आणि लाल प्रकाशाने हा सराव फारसा मोडत नाही, म्हणून एक पक्ष लाल दिवा पसंत करतो. दुसरा पक्ष हिरव्याच्या बाजूचा आहे. डोळ्यातील, मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे ५०७ नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि लाल त्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे दूरचा क्षीण हिरवा ठिपका लवकर सापडतो. जवळच्या पाण्यासाठी लाल आणि लांब फेकीसाठी हिरवा, हा व्यवहार दोन्ही बाजूंना धरून आहे.

वापर : ओसाका उपसागराच्या भिंतींवर शरद ऋतूत वाकटीच्या कुळातील ‘ताचिउओ’साठी विद्युत् फ्लोटांची रांग लागते. हा मासा आमिष आधी चावून धरतो व मग गिळतो. दिवा पाण्याखाली जाऊन लालसर दिसत राहतो, आणि लगेच झटका न मारता थांबणे श्रेयस्कर समजले जाते. कोरियातील तलावांवर क्रुशियन कार्पसाठी उलट खूण पाहतात. मासा तोंड खाली करून तळावरचे आमिष उचलतो आणि सरळ होताना शिसेही वर उचलतो, त्यामुळे उजेड सावकाश वर चढतो. त्या चढण्यासाठीच तेथील मंडळी रात्र जागवतात.

महाराष्ट्रात फ्लोट लावून गळ टाकण्याची परंपरा गोड्या पाण्यावर अधिक आहे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही या छंदाची संस्था आहे. कोकण-गोव्यात रात्री गरवणारे बहुधा तंगूस (गळाची नायलॉन दोरी) बोटावर धरूनच ओढ ओळखतात. खाडीत भरती-ओहोटीच्या ओढीने फ्लोट एका जागी राहत नाही, तेव्हा ही पद्धत तेथे योग्यच म्हणावी लागेल. काही हंगामांत नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवामुळे समुद्राचे पाणी ढवळताच चमकते. तेव्हा तंगूस व फ्लोट दोन्ही उजळून दिसतात आणि दिव्याचा उपयोग कमी होतो.

वापरलेली कांडी पाण्यात टाकू नये. तिच्यात क्लोरीनयुक्त फिनॉले आणि डायब्युटिल थॅलेटसारखा विद्रावक उरतो. लांब दोरीच्या सागरी मासेमारीतील मोठ्या कांड्या ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यावर वाहून आल्या, तेव्हा स्थानिक लोक आतला द्रव अंगाला चोळत असल्याचे संशोधकांना आढळले. हाच विद्रावक पॉलिस्टायरीनचे फ्लोट व त्यांवरील रंग मऊ करतो, म्हणून चिरलेली कांडी पेटीत इतर सामानाबरोबर ठेवत नाहीत. लिथियम घट खाऱ्या पाण्याने गंजतो. टोपीतील रबरी कडे चिरले असल्यास ते बदलूनच फ्लोट पाण्यात सोडावा आणि संपलेला घट काठावर न टाकता ई-कचऱ्यात द्यावा.