पार्श्वभूमी : जुनी पदकं आणि मागाहून झालेले निवाडे

1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिल्याला चांदीचं पदक मिळालं, दुसऱ्याला कांस्याचं आणि तिसऱ्याला काहीच नाही. सोनं-चांदी-कांस्य ही उतरंड 1904 च्या सेंट लुईसपासूनची. पहिल्या दोन ऑलिंपिकचे तक्ते त्यानुसार मागाहून भरले गेले. त्यामुळे 1896 च्या यादीत ज्याच्या नावापुढे 'रौप्य' लिहिलंय, त्याच्या हाती प्रत्यक्षात कांस्य पडलं होतं. नवखा संग्राहक पहिल्यांदा फसतो तो इथेच. निखळ सोन्याची पदकंही 1912 च्या स्टॉकहोमनंतर बंद झाली.

खरा गुंता 1900 च्या पॅरिसचा. त्या वर्षीचं पदक गोल नाही, आयताकृती, साधारण सहा बाय चार सेंटिमीटरचं. एका बाजूला लॉरेलच्या फांद्या घेतलेली पंखवाली देवी, दुसऱ्या बाजूला हात उंचावलेला विजेता आणि त्याच्या मागे अथेन्सची अॅक्रोपोलिस टेकडी. 'ऑलिंपिक' हा शब्द त्यावर कुठेच नाही. स्पर्धा जागतिक प्रदर्शनाचा भाग होत्या. त्याच प्रदर्शनात मासेमारीच्या, बलूनच्या, अग्निशमनाच्याही स्पर्धा झाल्या. यातल्या ऑलिंपिक कुठल्या, हे कितीतरी वर्षांनी ठरवलं गेलं आणि अभ्यासकांच्या याद्या आजही जुळत नाहीत.

आपल्याकडचा वादही त्याच पॅरिसमधला. कलकत्त्यात जन्मलेला एक धावपटू 200 मीटर आणि 200 मीटर हर्डल्समध्ये दुसरा आला. ऑलिंपिकची शिखर संस्था ही दोन्ही पदकं भारताच्या खात्यावर मांडते, अॅथलेटिक्सची जागतिक संस्था ब्रिटनच्या. पॅरिसच्या थोडं आधी तो लंडनला धावला होता, हा ब्रिटनवाल्यांचा आधार. पण बंगालचं 100 यार्डांचं अजिंक्यपद सलग सात वर्षं जिंकलेला माणूस एका इंग्रजी उन्हाळ्यानं ब्रिटनचा कसा होतो, हे काही पटत नाही. खरं म्हणजे देशाच्या समितीमार्फत नाव पाठवायची शिस्त 1908 पासूनची. 1900 च्या धावपटूला तू कोणाचा, हे विचारतोय तो आपला काळ.

1906 च्या अथेन्सचं 1900 च्या पॅरिसच्या नेमकं उलट. ते भरलं ऑलिंपिक म्हणूनच. 1949 मध्ये ऑलिंपिकच्या शिखर संस्थेच्या एका समितीनं मान्यता नाकारली. जुन्या पदकांच्या बाजारानं मात्र तो निवाडा फारसा मनावर घेतलेला नाही.

मोठ्या किमती अलीकडच्या. 1896 च्या मॅरेथॉन विजेत्याचा चांदीचा कप 2012 मध्ये लंडनला 5,41,250 पौंडांना गेला. बर्लिनमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेल्या अमेरिकन धावपटूचं एक पदक 2013 मध्ये 14 लाख डॉलरच्या वर. आणि 1952 च्या हेलसिंकीत कांस्य जिंकलेल्या कऱ्हाडकडच्या मल्लाच्या घरच्यांनी 2017 मध्ये पदक लिलावात काढायचं बोलून दाखवलं, ते कबूल झालेली कुस्ती अकादमी उभी राहिली नाही म्हणून.

नागपुरात हाती लागतं ते निराळं : बंगाल-नागपूर रेल्वेच्या किंवा शाळा-कॉलेजांच्या स्पोर्ट्सची, घड्याळाच्या साखळीला लावायची छोटी चांदीची पदकं. काहींच्या पाठीवर बर्मिंगहॅमच्या हॉलमार्कचा, म्हणजे चांदीच्या कसाच्या छापाचा, जहाजाचा नांगर आणि साल सांगणारं अक्षर दिसतं. इतवारीच्या सराफ्यात ती मोड म्हणून काट्यावर जातात आणि आटतात, हे मोठं नुकसान. कारण यांच्यावर बहुधा स्पर्धा आणि साल कोरलेलं असतं. 1896 च्या पदकावर विजेत्याचं नावही नव्हतं, त्याची ओळख पटते ती सोबतच्या कागदांवरून.

'ऑलिंपिक' कोरलेलं दिसलं तरी हुरळून जाऊ नये. 1940 च्या मुंबईतल्या स्पर्धांपूर्वी आपल्या राष्ट्रीय स्पर्धांनाच 'इंडियन ऑलिंपिक' म्हणत. 1936 चं बर्लिनचं स्मृतिपदक विकायला आलं की मात्र विदर्भात त्याला कथा आयतीच चिकटते, कारण अमरावतीच्या एका व्यायामसंस्थेचं पथक तेव्हा खरोखरच तिथे प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. त्या पथकातल्या कोणाचा फोटो किंवा पत्र सोबत नसेल, तर कथेचे पैसे वेगळे मोजू नयेत.