शेणखत रानात पडलं, पण ज्वारीला मिळालं का?

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की गाडी लगेच श्रद्धेवर जाते. एकाला युरिया विष वाटतो, दुसऱ्याला शेणखत म्हणजे मागासलेपण. हिशेब मात्र कुणीच मांडत नाही.

चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. हेक्टरी पाच टन टाकलं, तर २५ किलो. पण हे सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. सूक्ष्मजीवांनी खत कुजवलं तरच नत्र मोकळं होतं, आणि त्यांना ओल लागते. सोलापूरची गोम इथेच आहे. मोहोळ-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ही रब्बीची ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाळा सरत आल्यावर. मुळं ओलीच्या मागे खाली जातात. वरचा थर, जिथे खत मिसळलंय, तो वाळून भेगाळतो. म्हणजे खत किती टाकलं याइतकंच ते केव्हा टाकलं हेही मोजायला हवं.

असे प्रश्न एका हंगामात सुटत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये १९७८पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून पाहताहेत. एकवीस वर्षांच्या निष्कर्षांत सेंद्रिय उत्पादन सुमारे २० टक्के कमी भरलं, पण खतांचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी होता. आता तिथली थंड, ओली हवा कुठे आणि आपलं एप्रिलचं ऊन कुठे! तो आकडा इथे चालणार नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३पासून चालू आहे. सेंद्रियचे दीर्घ प्रयोग इथल्याच मातीत वाढायला हवेत.

डाळिंबाचंही तेच. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. त्यावरचं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. पण त्यातलं तांबं मातीत साठत जातं. त्याला पर्याय शोधायचा तर तोही प्रयोगानेच.

आणि जीवामृत? दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन. एकूण नत्र जेमतेम पाव किलो, तेही एकरभर रानाला. तेव्हा फरक दिसत असेल तर तो खताचा नव्हे, सूक्ष्मजीवांचा असणार. तपासणं अवघड नाही: एका पट्ट्याला ताजं जीवामृत, दुसऱ्याला तेच उकळून थंड केलेलं, तिसऱ्याला नुसतं पाणी. असे पट्टे चार-पाच ठिकाणी पाडायचे आणि कणसांबरोबर कडबाही तोलायचा.