नागपूरचं ऊन आणि गाडीचा टायमिंग बेल्ट

धरमपेठेतून सीताबर्डीला जायचं आणि परत यायचं. अशा गाडीचं वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार किलोमीटर रनिंग होतं. मग टायमिंग बेल्ट बदलायचे साठ हजार किलोमीटर भरायला दहा वर्षं आहेत, असा हिशेब बरेच जण करतात. तो धोक्याचा आहे. बेल्ट रबराचा असतो आणि रबर नुसत्या वयानंही संपतं.

पिस्टन खाली क्रँकशाफ्ट फिरवतात, वरचा कॅमशाफ्ट हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची बरोबर एक व्हायला हवी. हा मेळ दातेरी बेल्ट राखतो. 3000 आरपीएमला, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मिनिटाला 3000 फेऱ्यांना, प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा, म्हणजे तासाला 90 हजार वेळा उघडतो. क्रँकशाफ्टच्या चाकाला 20 दाते असतील, तर बेल्ट एकच दाता सरकला तरी 18 अंशांचा फरक पडतो आणि गाडीची ओढ जाते.

बेल्ट तुटला तर कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पण समृद्धीवर 120च्या वेगात असलेली गाडी थोडीच थांबते? चाकं गिअरमधून क्रँकशाफ्ट फिरवत राहतात आणि पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे वर मोकळी जागा जवळपास नसतेच. कित्येक पेट्रोल इंजिनांतही हीच गत. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी पिस्टनही जातो.

जुनी सँट्रो, डिझेल इंडिका, डिझेल डस्टर या बेल्टवाल्या गाड्या. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत साखळी असते. साखळी तेलात चालते आणि सैल झाली की बहुधा आधी खडखडते. बेल्ट मात्र बहुतेक वेळा काहीच न सांगता जातो.

आता उन्हाचं. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त असतं. इंजिन बंद केलं की कूलंटचं फिरणं थांबतं, आणि तापलेल्या लोखंडाची धग काही वेळ तिथंच कोंडून राहते. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ती उतरायलाही वेळ लागतो. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रबराच्या लांब रेणूंमध्ये नवे सांधे जोडतात, काही जुने तोडतात, लवचीकपणा जातो. कपाटात न वापरता पडलेलं रबरबँड कडक होऊन तुटतं, ते याचमुळे. बेल्टच्या आतले काचतंतूही सतत वाकून थकतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून ‘बेल्ट चांगला दिसतोय, चालू द्या’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे दिलेले असतील, तर आधी भरेल तो धरायचा. सेकंड हँड गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून चाला. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) हेही नवे टाका. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर तोही, कारण बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही टिकत नाही. तेलाची गळती आधी काढून घ्या. तेलानं रबर फुगतं.

आणि चालती गाडी एकदम बंद पडली, स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरू लागला, तर बेल्ट तुटलेला असू शकतो; पुन्हा सेल्फ मारू नका. गाडी टो करूनच गॅरेजला न्या.