पेशी नव्हे, पेशीचा तुकडा

‘डेंग्यू झालाय, पांढऱ्या पेशी ऐंशी हजारांवर आल्यात,’ असं पावसाळ्यात लिफ्टमध्येही ऐकू येतं. पांढऱ्या पेशी खरंच तेवढ्या असत्या, तर डॉक्टर वेगळ्याच काळजीत पडले असते! निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलीटर रक्तात त्या ४,००० ते ११,००० असतात. ऐंशी हजार असतात त्या प्लेटलेट, शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. एरवी त्या दीड ते साडेचार लाख असतात.

तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त गोठवायला मदत करतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्लेटलेट ही मुळात पेशीच नाही. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची धिप्पाड पेशी असते. ती गुणसूत्रं दुप्पट-चौपट करत राहते, पण दुभंगत नाही. इतर पेशींत गुणसूत्रांचे दोन संच, हिच्यात सोळा, कधी चौसष्टही. अशी फुगल्यावर ती मज्जेतल्या रक्तवाहिनीला चिकटते आणि भिंतीच्या फटींतून शेवयांसारखे लांब धागे आत सोडते. वाहत्या रक्ताच्या ओढीने ते तुटतात. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट! एका पेशीतून हजारभर तरी निघतात आणि आठ-दहा दिवस टिकतात.

किती बनवायच्या, हे कोण मोजतं? कुणीच नाही. यकृत थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक साधारण एकाच गतीने बनवतं आणि फिरत्या प्लेटलेट ते शोषून घेतात. प्लेटलेट घटल्या की शोषणारेच कमी होतात, संप्रेरक मज्जेपाशी जास्त पोहोचतं आणि उत्पादन वाढतं. मला तरी हा हिशेब फार देखणा वाटतो.

डेंग्यूचा विषाणू मज्जेचं काम काही दिवस मंदावतो, शिवाय असलेल्या प्लेटलेटही भराभर नष्ट होतात. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत आकडा बहुधा आपोआप चढू लागतो. नेमका तेव्हाच पपईच्या पानांचा रस पोटात गेलेला असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला!

डेंग्यूत खरी भीती रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याची असते, तीही ताप उतरताना. रिपोर्टात हिमॅटोक्रिट नावाची ओळ असते, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते. द्रव पाझरला की रक्त दाटतं आणि तो आकडा चढतो. पोटात सारखं दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टर आधी ती ओळ बघतात. नातेवाईक मात्र प्लेटलेटचाच आकडा विचारत राहतात.