माज (जनावरांचा)

गाय, म्हैस, घोडी, शेळी, मेंढी अशा माद्या ठरावीक दिवसांनी नराला अंगावर येऊ देतात, तेवढ्या थोड्या तासांच्या किंवा दिवसांच्या काळाला माज म्हणतात. गोठ्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण माज ओळखायला चुकलं की गाईम्हशीचे सरळ 21 दिवस जातात, खाणं चालू राहतं, दूध आटत जातं, वेत पुढे ढकललं जातं, आणि दोनतीन वेळा असं झालं की चांगल्या गाईवर वांझपणाचा शिक्का बसून तिला बाजार दाखवला जातो. म्हणून पैदाशीबद्दल काहीही बोलायचं तर सुरुवात माजापासूनच करावी लागते.

शब्द कुठून आला

माज हा शब्द 'मद'वरून आला असं सरसकट सांगतात. मूळ धातू एकच असल्यामुळे ते अगदी चूक नाही, पण नुसत्या द चा मराठीत सहसा ज होत नाही, ज होतो तो 'द्य'चा. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. वाद्यते, वज्जइ, वाजणं. त्याच वाटेने माद्यति, प्राकृतात मज्जइ, मराठीत माजणं आणि त्यावरून माज, ही साखळी जास्त सरळ वाटते. गवत माजतं, रान माजतं, माणूस माजतो, हे सगळं त्याच क्रियापदाचं कुटुंब आहे. हत्तीचा मद मात्र संस्कृतातून जसाच्या तसा राहिला आणि तो नराचा असतो, गंडस्थळाजवळच्या ग्रंथीतून पाझरणारा. पशुवैद्यकात माज म्हणजे फक्त मादीचा, हा फरक लक्षात ठेवावा.

संस्कृतात यासाठी वेगळीच सोय आहे आणि ती फार सुंदर आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथातल्या 7.1.51 या सूत्रावर एक वार्तिक, म्हणजे पुरवणी टीप आहे, अश्ववृषयोर्मैथुनेच्छायाम्. म्हणजे अश्व आणि वृष या दोन शब्दांपासून होणारी विशेष क्रियापदं फक्त समागमाच्या इच्छेच्या अर्थानेच वापरायची. काशिका या अष्टाध्यायीवरच्या टीकेत उदाहरणं आहेत, अश्वस्यति वडवा आणि वृषस्यति गौः, म्हणजे घोडी घोडा मागते, गाय बैल मागते. साधी, मैथुनाशी संबंध नसलेली इच्छा असेल तर रूप वेगळं, अश्वीयति. वार्तिक बहुधा इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपासचं, काशिका साधारण सातव्या शतकातली. अमरकोशात 'वृषस्यन्ती तु कामुकी' असं येतं तेव्हा शब्द गोठ्यातून बाहेर पडून बाईलाही लागलेला दिसतो.

आता गंमत अशी की इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात, सहाव्या भागात, हुबेहूब हीच दोन उदाहरणं दिली आहेत. घोड्यांच्या माद्यांसाठी घोड्यावरून केलेलं क्रियापद, गाईंसाठी बैलावरून केलेलं, आणि सगळ्या माद्यांत घोडीची ओढ सगळ्यात तीव्र, तिच्या खालोखाल गाय, असंही तो लिहितो. इंग्रजी घोडेवाले आजही 'हॉर्सिंग' म्हणतात आणि गाईवाले 'बुलिंग'. यात कुणी कुणाकडून उसनं घेतलं असं मानायचं कारण दिसत नाही, जिथे घोडी आणि गाय रोज डोळ्यासमोर असते तिथे नराच्या नावावरून शब्द तयार होणं साहजिक आहे. मराठीने नराचं नाव न घेता अवस्थेलाच नाव दिलं. हिंदीत घोडीसाठी आलंग असा स्वतंत्र शब्द आहे.

शास्त्रातला 'ईस्ट्रस' हा शब्द ग्रीक ओइस्ट्रोसपासून आला, त्याचा अर्थ गुरांना चावणारी गोमाशी, आणि तिच्यामुळे गुरं उधळतात तसं उधळणं. जनावराच्या पैदास चक्रासाठी तो नेमकेपणाने वापरला वॉल्टर हीप या इंग्रज संशोधकाने 1900 साली, प्रोईस्ट्रम, मेटईस्ट्रम, डायईस्ट्रम, ॲनईस्ट्रम ही वेगवेगळ्या अवस्थांची नावंही त्याच निबंधातली. आज डॉक्टर केसपेपरवर 'ॲनईस्ट्रस' लिहितात तो हाच शब्द, मराठीत म्हणायचं तर माजावर न येणं.

आत काय घडतं

बीजांडकोशावर पाण्याने भरलेला फोड वाढतो, त्यातून इस्ट्रोजेन रक्तात जातं, मेंदूला ते कळलं की माजाची वागणूक सुरू होते आणि एलएच या संप्रेरकाची लाट येते, त्या लाटेने फोड फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. रिकाम्या जागी पीतपिंड तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि ते असेपर्यंत पुढचा माज अडलेला राहतो. गर्भ राहिला नाही तर गाईत साधारण 16-17 व्या दिवशी गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड विरघळतो, पुन्हा नवा फोड. हे चक्र गाईम्हशीत सरासरी 21 दिवसांचं, 18 ते 24 नॉर्मल धरतात.

गाय

गाईचा माज साधारण 12 ते 18 तास, पण जास्त दुधाच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईत बऱ्याचदा 8-10 तासांतच आटोपतो. हंबरणं, खाणं सोडणं, अस्वस्थ फिरणं, दुसरीवर चढणं, योनीतून काचेसारखा चिकट सोट लोंबणं ही लक्षणं सगळ्यांना ठाऊक आहेत. यातलं पक्कं एकच, दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय जागची न हलता उभी राहणं. दुसरीवर चढणारी गाय माजावर असेलच असं नाही, जी उभी राहते तिच्याकडे बघायचं. म्हणून दावणीला बांधलेल्या गाईचा माज जास्त चुकतो, चढायला आणि उभं राहायला मोकळीकच नसते, आणि मुक्त संचार गोठ्याचा एक मोठा फायदा इथे आहे. सोट स्वच्छ असावा, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा. त्यात पांढरे कण किंवा पू दिसला तर ते गर्भाशयाचं इन्फेक्शन समजून त्या वेळी भरवू नये, म्हणजे रेतन करू नये किंवा वळू दाखवू नये, आधी डॉक्टरला दाखवावं.

भरवायची वेळ हा वादाचा भाग. स्त्रीबीज माज संपल्यावर साधारण 10-12 तासांनी सुटतं, म्हणजे माज सुरू झाल्यापासून सुमारे 24 ते 30 तासांनी, ते टिकतं मोजके तास, आणि शुक्राणूंना आत पोचून तयार व्हायलाही काही तास लागतात. हे सगळं जुळवून 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्का इथे ट्रिम्बर्गर यांनी जो नियम मांडला तो आपल्याकडे प्रत्येक रेतन करणाऱ्याच्या तोंडी आहे, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे 1990 च्या दशकात अमेरिकेतल्याच मोठ्या चाचण्यांत दिवसातून एकदाच ठरल्या वेळी भरवलं तरी गाभण राहण्यात फारसा फरक पडला नाही, आणि उभं राहायला लागल्यापासून 4 ते 12 तास हा काळ सगळ्यात चांगला निघाला. म्हणजे जुना नियम किंचित उशिराकडे झुकतो. पण 4 ते 12 तासांचा हा काळ काढताना माज कधी सुरू झाला ते यंत्राने कळत होतं, आपल्याकडे सकाळी दिसलेला माज मध्यरात्री सुरू झाला की पहाटे हे सांगता येत नाही, तेव्हा सकाळ-संध्याकाळचा नियम सोडायचं कारण नाही. फार उशीर मात्र करू नये, छोट्या माजाच्या एचएफला तर नाहीच.

माजानंतर एक ते तीन दिवसांत थोडं रक्त दिसतं, कालवडीत जास्त. बरेच जण घाबरतात की गर्भ गेला. तसं काही नसतं, इस्ट्रोजेन उतरल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरातून ते येतं. गाय गाभण राहिली किंवा नाही यातलं काहीच त्यावरून ठरत नाही, फक्त माज येऊन गेला एवढं कळतं, आणि चुकलेला असेल तर तारीख लिहून पुढच्या साधारण अठरा-एकोणीस दिवसांनी डोळ्यात तेल घालून बघायचं.

काही गाभण गाईही माज दाखवतात, अशा गाईला भरवताना नळी गर्भाशयात गेली तर गर्भपात होऊ शकतो. आधी भरवलेली गाय पुन्हा माजावर दिसली तर तपासूनच पुढे जावं.

म्हैस

म्हशीबाबतीत मुका माज हा मुख्य प्रश्न. आत सगळं वेळेवर घडतं, बीज सुटतं, बाहेर मात्र दिसत नाही. म्हशी एकमेकींवर फारशा चढत नाहीत, सोट कमी असतो आणि उभेपणी दिसत नाही, बसल्यावर खाली पडतो, त्यामुळे पहाटे गोठा झाडायच्या आधी म्हैस बसली होती ती जागा बघण्याची जुनी सवय फार मोलाची आहे. बाकी वारंवार थोडं थोडं मुतणं, रेकणं, धार काढताना पान्हा चोरणं, सड तटतटणं, खाण्यावरून मन उडणं. बराचसा माज रात्री आणि पहाटे असतो, उन्हाळ्यात तर दिवसा जवळजवळ दिसतच नाही. खात्रीचा उपाय म्हणजे नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ फिरवणं.

म्हैस दिवस लहान होऊ लागले की जास्त माजावर येते, साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. गाभणकाळ 310 दिवसांच्या आसपास, गाईपेक्षा जवळजवळ महिनाभर जास्त, म्हणून विण्याचा हंगाम पावसाळ्यापासून पुढे येतो आणि उन्हाळ्यात बाजारात म्हशीचं दूध कमी पडतं. उष्णतेचा वाटा किती आणि दिवसाच्या लांबीचा किती यावर मतं वेगळी आहेत. दोन्ही आहेत हे नक्की, पण उन्हाळ्यात सावली, डुंबायला पाणी आणि हिरवा चारा मिळालेल्या म्हशी बऱ्यापैकी माजावर येतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात जे आहे ते आधी करावं.

घोडी

घोडीचं गणित उलटं आहे. दिवस मोठे होऊ लागले की ती सुरू होते आणि थंडीत बीजांडकोश झोपतात, विषुववृत्ताकडे जावं तसा हा फरक पुसट होतो. चक्र 21-22 दिवसांचं, पण माज 5 ते 7 दिवस चालतो आणि बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी, गाईत नंतर, घोडीत आधी. म्हणून गाईचा सकाळ-संध्याकाळचा नियम घोडीला लावता येत नाही, एक दिवसाआड घोडा दाखवतात किंवा सोनोग्राफीवर फोड 35 ते 45 मिलिमीटरचा झाला की वेळ ठरवतात. माजावरची घोडी घोडा समोर आणला की मागचे पाय फाकवते, शेपटी वर करते, थोडं थोडं मुतते, योनीची उघडझाप करते. माजावर नसेल तर कान मागे टाकून लाथ मारते, त्यामुळे मध्ये आडोसा ठेवल्याशिवाय घोडा जवळ आणू नये.

शिंगरू झाल्यावर 5 ते 12 दिवसांतच घोडी पुन्हा माजावर येते, याला शिंगराचा माज म्हणता येईल. गाभणकाळ साधारण 11 महिने, त्यामुळे दरवर्षी शिंगरू हवं असेल तर हा माज सोडणं परवडत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू सांगते की गर्भाशय अजून साफ झालेलं नसतं, गर्भ राहण्याचं प्रमाण कमी आणि गळण्याचं जास्त. मधला मार्ग पटतो. बीज दहाव्या दिवसानंतर सुटत असेल तर भरवायला हरकत नाही, कारण गर्भ बीजवाहिनीतून गर्भाशयात यायला अजून 5-6 दिवस लागतात आणि तोवर आतली जागा तयार होते. वार (विल्यावर पडणारा जार) अडकली असेल किंवा विताना त्रास झाला असेल तर मात्र हा माज सोडायचाच.

पुणे, सोलापूर, सातारा, नगर भागातल्या धनगरांच्या भीमथडी घोड्या मेंढरांबरोबर फिरत्या असतात. सारंगखेडा, अकलूज, माळेगावच्या बाजारात घोडी घेणाऱ्याने दात आणि चाल बघतो तसं शेवटचं शिंगरू कधी झालं आणि त्यानंतर किती वेळा घोडा दाखवला हेही विचारावं.

माजावर न येणं आणि उलटणं

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माजावरच येत नाही तिथे आधी पोट बघावं, खुराक कमी, क्षार नाहीत, जंत झालेले, व्याल्यावर दूध जास्त आणि अंगावर मांस नाही, अशी गाय स्वतःचं शरीर सांभाळते, पैदास नंतर. कालवड कधीच माजावर आली नसेल आणि ती गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली असेल तर बहुतेक ती वांझच निघते, वारेतून रक्त एकत्र होऊन तिचे अवयव नीट घडत नाहीत. दर 21 दिवसांनी नियमित माजावर येते, तीन किंवा जास्त वेळा भरवली, तरी गर्भ ठरत नाही, ती उलटणारी. तिथे वेळ चुकणं, गोठवलेली रेतमात्रा नीट न वितळवणं, गर्भाशयाचं इन्फेक्शन, बीज उशिरा सुटणं अशी कारणं शोधावी लागतात.

इंजेक्शनने माज आणता येतो. प्रोस्टाग्लँडिन 11 दिवसांच्या अंतराने दोनदा देतात, ते पीतपिंड असेल तरच चालतं आणि गाभण जनावराला दिलं तर गर्भ पडतो, म्हणून तपासणीशिवाय कधीही देऊ नये. 1995 मध्ये अमेरिकेत मांडलेल्या ओव्हसिंच पद्धतीत पहिल्या दिवशी जीएनआरएच हे संप्रेरक, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर 16 ते 20 तासांनी, माज न बघता रेतन. मुक्या माजाच्या म्हशींना याचा उपयोग होतो, पण बीजांडकोश पूर्ण थंड असतील तर नाही.

महाराष्ट्रात दारात येऊन रेतन करण्याची पद्धत रुजली ती मोठ्या प्रमाणात बाएफमुळे, मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेली संस्था. रेतन करणारा मोटारसायकलवर येतो, माज मात्र घरच्याच माणसाला बघावा लागतो, आणि बहुतेक घरांत धार काढणारी आणि शेण काढणारी बाई तो सगळ्यात आधी ओळखते. तरी प्रशिक्षणाला बोलावतात पुरुषांना, हे बदलायला हवं.

शेळी, मेंढी, डुक्कर

शेळीचं चक्र 21 दिवसांचं, माज दीड दिवसापर्यंत, शेपटी सारखी हलवणं आणि ओरडणं यावरून कळतो. मेंढीचं 17 दिवसांचं, मेंढा जवळ नसेल तर काहीच दिसत नाही, आणि बरेच दिवस लांब ठेवलेला मेंढा कळपात सोडला की मेंढ्या लवकर चक्रावर येतात. डुकरीण माजावर असली की पाठ दाबल्यावर ताठ उभी राहते.