नळी न कापता रायफल आखूड करायची तर

पावसाळ्यात लांब दांड्याची छत्री घेऊन भरलेल्या एसटीत चढलेल्या माणसाला लांबीची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. छत्री दारात अडते, कुणाच्या तरी बरगडीत जाते, बसल्यावर गुडघ्यांमध्ये उभी धरावी लागते. आता छत्रीच्या जागी पावणेचार फुटी, चार किलोंहून जड रायफल ठेवा आणि एसटीच्या जागी चिलखती गाडीचा मागचा कप्पा. आत आठ-दहा जवान, प्रत्येकाच्या अंगावर सामान, आणि गाडी थांबताक्षणी सगळ्यांनी एकाच दारातून बाहेर पडायचे. आपल्या लष्कराने अनेक वर्षे वापरलेली ७.६२ एसएलआर ज्या ब्रिटिश रायफलच्या धर्तीची, ती १,१४३ मिलिमीटर लांब होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर पायदळाचे चालणे कमी झाले आणि गाड्यांतून, पुढे हेलिकॉप्टरमधून जाणे वाढले. रायफल आखूड हवी, ही मागणी तिथून जोर धरते. सुतार लगेच विचारील, मग नळी काप की! नेमके तेच करता येत नाही, आणि ते का, हे समजले की या साऱ्या गोष्टीचे मर्म हाती येते.

काडतुसातली दारू एका क्षणात फुटून संपत नाही. ती जळत जाते आणि तिचा वायू गोळीला मागून रेटत राहतो. ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसात हा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन-चार हजार पटींवर चढतो. गोळी नळीत असते जेमतेम एक सहस्रांश सेकंद, पण त्या वेळात तिला मिळते तेवढीच तिची कमाई. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे शाळेतले सूत्र इथे तंतोतंत लागू पडते. अंतर कमी केले की कार्य कमी, म्हणजे वेग कमी. अमेरिकी एम१६ची नळी ५०८ मिलिमीटर, तिच्याच घराण्यातल्या एम४ची ३६८. तीच गोळी पहिलीतून सेकंदाला सुमारे ९४५ मीटरने निघते, दुसरीतून सुमारे ८८० मीटरने. फरक सात टक्क्यांचा वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, त्यामुळे ती तेरा टक्क्यांनी घटते. शिवाय आखूड नळीतून दारूचा न वापरलेला जोर तोंडाशी ज्वाळा आणि आवाज होऊन वाया जातो.

म्हणजे नळी ठेवायची आणि लांबी घटवायची. मग जागा कुठून काढायची?

एक फूटपट्टी घ्या. तिचे एक टोक उजव्या खांद्याच्या खोबणीला लावा आणि उजव्या हाताची तर्जनी चाप ओढल्यासारखी पट्टीवर टेकवा. बोट पट्टीच्या पार टोकाशी किंवा थोडे पुढेच जाईल. माणसाच्या हाताची ठेवणच अशी, की चाप आणि खांदा यांच्यात साधारण तेहतीस सेंटिमीटर लागतातच. नेहमीच्या रायफलमध्ये एवढ्या जागेत असतो दस्ता, फौजेच्या बोलीत बट. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा, आणि खांद्याला टेकण्यापलीकडे त्याला फारसे काम नाही. काडतुसाचा कप्पा, त्याला मागून बंद करणारा सरकता बोल्ट, काडतुसे भरलेले मॅगझिन हे सगळे चापाच्या पुढे, आणि नळी त्याच्याही पुढे सुरू होते. ही यंत्रणा उचलून त्या रिकाम्या दस्त्यात बसवली तर नळी आपोआप मागे सरकते. तिचा एक मिलिमीटरही न कापता रायफल वीतभर आखूड होते. या रचनेला बुलपप म्हणतात. मला ही कल्पना फार देखणी वाटते. नवा पदार्थ नाही, नवी दारू नाही, फक्त असलेल्या वस्तूंची जागा बदललेली.

कल्पना जुनी आहे. १९०१ साली ब्रिटनमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट नावाची अशी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, तयार झाली होती; तिचा बोल्ट हाताने ओढावा लागे. तेव्हाच्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलपेक्षा ती साडेसात इंच आखूड आणि दहा टक्के हलकी होती. चाचणीत मात्र तिचा धक्का जास्त आणि हाताळणी अवघड ठरली, आणि ती मागे पडली.

खरी हुरहूर लावणारी गोष्ट आहे ती ईएम-२ या ब्रिटिश बुलपप रायफलची. युद्धात पोलंडहून ब्रिटनमध्ये आलेला आणि तिथे स्टीफन जॅन्सन या नावाने ओळखला गेलेला अभियंता एनफिल्डच्या कारखान्यात या रायफलमागे होता. ब्रिटिशांनी सुरुवात काडतुसापासून केली, हे मला त्यांचे शहाणपण वाटते. पायदळाची बहुतेक चकमक काहीशे मीटरच्या आत होते, तर मग दीड किलोमीटर जाणाऱ्या गोळीचा धक्का जवानाने प्रत्येक वेळी खांद्यावर का सोसायचा? म्हणून त्यांनी ७ मिलिमीटरचे मध्यम ताकदीचे काडतूस बनवले, .२८० नावाचे. त्याभोवती जी रायफल उभी राहिली तिची लांबी ८८९ मिलिमीटर आणि त्यात नळी ६२३ मिलिमीटर. पुढे तिच्या जागी आलेल्या एसएलआरपेक्षा ती वीतभर आखूड होती, तरी तिची नळी अधिक लांब होती. नेम धरायला वर छोटी दुर्बीणवजा नळी कायमची बसवलेली, कारण आखूड रायफलवर पुढची माशी आणि मागचा खाचा एकमेकांच्या फार जवळ येतात आणि साध्या नेमातली चूक वाढते.

एप्रिल १९५१मध्ये मजूर पक्षाचे संरक्षणमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी ती स्वीकारल्याचे जाहीर केले. तिला ‘रायफल क्रमांक ९’ हे अधिकृत नावही मिळाले. पण नाटो नुकतीच जन्मली होती आणि मित्रराष्ट्रांचे काडतूस एक असावे असा आग्रह होता. अमेरिकेला आपल्या जुन्या .३० कॅलिबरची ताकद सोडायची नव्हती. ऑक्टोबर १९५१मध्ये ब्रिटनमध्ये सरकार बदलले, चर्चिल आले आणि त्यांनी एकजुटीला महत्त्व देऊन ईएम-२ बाजूला ठेवली. पुढे ७.६२ बाय ५१ (गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) हे भारी काडतूस नाटोचे झाले. ईएम-२ मध्यम काडतुसासाठी घडवलेली, तिच्यात ते सुखाने बसेना. १९५४मध्ये ब्रिटनने बेल्जियमची एफएन फाल घेतली. तीच ब्रिटनची एसएलआर, आणि तिच्याच वळणाची १ए१ पुढे आपल्याकडे ईशापूरला बनू लागली. ज्या अमेरिकेने भारी काडतुसाचा हट्ट धरला, तिनेच पुढच्या दशकात ५.५६ची हलकी एम१६ घेतली, आणि १९८०मध्ये ते छोटे काडतूसही नाटोचे झाले. ईएम-२मागच्या माणसांचा हिशेब बरोबर होता. त्यांच्या रायफलला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

सत्तरच्या दशकात बुलपपला पुन्हा दिवस आले. ऑस्ट्रियाने १९७७मध्ये स्टायर ऑग स्वीकारली आणि फ्रान्सने पुढच्याच वर्षी फामास. फामासच्या वर लांबलचक दांडा आहे, त्यावरून फ्रेंच शिपाई तिला बिगुल म्हणत. ऑग तर तेव्हा परग्रहावरून आल्यासारखी दिसत असणार. हिरव्या प्लॅस्टिकचे अंग, आत किती गोळ्या उरल्या ते दिसावे म्हणून पारदर्शक मॅगझिन, दांड्यातच दीडपट मोठे दाखवणारी दुर्बीण, आणि स्प्रिंगा व पिना सोडल्या तर चापामागची जवळजवळ सारी यंत्रणा प्लॅस्टिकची. चाप अर्धा ओढला की एक गोळी, पूर्ण ओढला की सलग मारा. आकडे बोलके आहेत. पुण्याच्या एआरडीईने, म्हणजे पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने, विकसित केलेली नेहमीच्या मांडणीची इन्सास रायफल ९६० मिलिमीटर लांब आणि तिची नळी ४६४. ऑग ७९०, तिची नळी ५०८. एकूण लांबी १७ सेंटिमीटरने कमी, नळी साडेचार सेंटिमीटरने जास्त.

एवढे सारे फायद्याचे असेल तर जगातल्या सगळ्या फौजांनी बुलपप का नाही घेतली? कारण यंत्रणा मागे सरकवली की ती माणसाच्या चेहऱ्याखाली येते. मघाची फूटपट्टी पुन्हा खांद्याला लावा आणि नेम धरल्यासारखा गाल तिच्यावर टेकवा. नेहमीच्या रायफलमध्ये गालाखाली निर्जीव दस्ता असतो. बुलपपमध्ये तिथेच स्फोट होतो, बोल्ट मागेपुढे धावतो, आणि तापलेली रिकामी पुंगळी उजवीकडे फेकली जाते. उजवा खांदा असेल तर ती गालापासून दूर जाते. आता पट्टी डाव्या खांद्याला लावून पाहा. पुंगळी निघण्याची खिडकी थेट तुमच्या तोंडासमोर येईल.

दहातला एक माणूस डावखुरा असतो, पण प्रश्न तेवढ्यांचाच नाही. घराच्या डाव्या कोपऱ्याआडून डोकावताना उजव्या हाताच्या जवानालाही रायफल डाव्या खांद्यावर घ्यावीशी वाटते, नाहीतर अर्धे अंग उघडे पडते. ऑगमध्ये बोल्ट बदलून आणि फामासमध्ये काही भाग फिरवून पुंगळीची दिशा पालटता येते, पण ते काम निवांत बसून करायचे. चकमकीत कोपरा बदलला म्हणून बोल्ट कोण बदलणार? ब्रिटनच्या एसए८० या बुलपपमध्ये तर बोल्ट ओढायची मूठ उजवीकडे आहे आणि प्रत्येक गोळीबरोबर ती मागेपुढे धावते. त्यामुळे ब्रिटिश फौजेत डावखुऱ्यालाही उजव्याच खांद्यावरून मारा शिकवला गेला. बेल्जियमच्या एफएन एफ२०००ने पुंगळी वरच्या नळकांड्यातून पुढे नेऊन तोंडाजवळ सोडण्याची युक्ती काढली. आपल्याकडे एसपीजीच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षा दलाच्या, जवानांच्या हातात ही रायफल छायाचित्रांत दिसते.

दुसरी किंमत बोटाला मोजावी लागते. चाप पुढे आणि घोडा, म्हणजे काडतूस पेटवायला आघात करणारा भाग, मागे, मग दोघांना जोडायला लांब सळई किंवा पट्टी लागते. ती थोडी वाकते, घासते, आणि चाप कधी नेमका सुटणार ते बोटाला नीट कळत नाही. अचूक नेमबाजाच्या दृष्टीने हे मोठे दुखणे. स्फोट कानाजवळ, ही तिसरी. चौथी मॅगझिन बदलण्याची. काखेजवळ हात वळवून ते काढावे-घालावे लागते, आणि झोपून गोळीबार करणाऱ्याला तर ते फारच अवघड जाते.

एसए८०, लष्करी नाव एल८५, १९८५मध्ये ब्रिटनमध्ये दाखल झाली. तिचे हाल झाले ते मात्र बुलपपपणामुळे फारसे नाहीत. मॅगझिनचे बटण अंगाला घासून चुकून दाबले जाई आणि मॅगझिन गळून पडे. डास-किडे दूर ठेवायला लावलेल्या मलमाने तिचे प्लॅस्टिक खराब होई. १९९१च्या आखाती युद्धातल्या वाळूत ती अडकत राहिली. शेवटी २०००मध्ये जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखकडे सुमारे दोन लाख रायफलींच्या दुरुस्तीचे काम गेले, खर्च सुमारे ९ कोटी २० लाख पौंड. बोल्ट, घोडा, स्प्रिंगा, मॅगझिन अशा अनेक गोष्टी बदलल्यावर तीच रायफल भरवशाची झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बुलपप म्हणजे बिघडणारी रायफल असा समज एसए८०मुळे पसरला आणि तो अन्यायाचा आहे. मांडणी कोणती, हा एक प्रश्न. कारखान्यात ती किती नीट घडवली, हा अगदी वेगळा.

तरीही गेल्या दहा वर्षांत वारा उलटा वाहतो आहे. फ्रान्सने २०१६मध्ये फामासच्या जागी नेहमीच्या मांडणीची एचके४१६ निवडली. न्यूझीलंडने ऑग सोडली. चीनने हाँगकाँग ताब्यात घेताना जगाला दाखवलेली क्यूबीझेड-९५ बुलपप होती, पण २०१९च्या संचलनात दिसलेली नवी रायफल नेहमीच्या मांडणीची आहे. कारणांपैकी एक मला फार माणसाळलेले वाटते. जवान आता छातीवर जाड चिलखत घालतो. त्याने खांदा दोन-तीन सेंटिमीटर पुढे येतो आणि रायफल अचानक लांब वाटू लागते. नेहमीच्या रायफलचा सरकता दस्ता एक-दोन खाचा आत ढकलला की काम झाले. बुलपपचा दस्ता आतून यंत्राने भरलेला, तो ढकलणार कुठे? बुटक्या जवानाला आणि उंच जवानाला एकच माप. त्यात आखूड नळीसाठी मुद्दाम जुळवलेली काडतुसे आली आणि नळी कापण्याची जुनी किंमत थोडी स्वस्त झाली. इस्रायलची टॅव्हॉर मात्र अजून टिकून आहे. भारताच्या विशेष दलांनीही ती घेतली आणि वापरली.

पाषाणच्या एआरडीईने आखूड शस्त्रासाठी तिसरीच वाट धरली. त्यांच्या संयुक्त संरक्षक कार्बाइनच्या शेवटच्या चाचण्या ७ डिसेंबर २०२०ला पूर्ण झाल्या. तिथे त्यांनी आधी काडतूसच छोटे केले, ५.५६ बाय ३०. दारूच कमी, मग ती जाळायला लांब नळी लागत नाही. मॅगझिन हाताच्या मुठीतून आत जाते. यामुळे काडतुसाचा कप्पा मुठीच्या वर, गालाच्या पुढे राहतो आणि चाप घोड्याशेजारीच असतो. दस्ता आत ढकलता येतो, गरज पडल्यास एका हातानेही मारा करता येतो. कार्बाइन बनते कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत, काडतुसे पुण्यातच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. मोजावी लागली ती किंमत पल्ल्याची. तो दोनशे मीटरच्या आसपास आहे.