परस्पर संमतीने घटस्फोट: अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात, वकील कसा निवडावा

आधी स्टॅम्प पेपरचा विषय संपवू. नोटरीसमोर दोघांनी सह्या केलेली सोडचिठ्ठी, मग ती शंभरच्या जुन्या कागदावर असो की पाचशेच्या नव्या, तिने लग्न मोडत नाही. लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. काही समाजांत रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये जागा आहे, पण तशी रूढी खरोखर आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करायला पुन्हा कोर्टातच जावं लागतं. असा कागद कपाटात ठेवून लोक दुसरं लग्न करतात आणि त्याची किंमत कळते ती पेन्शनच्या किंवा वारसाच्या वेळी. तोवर दुसऱ्या बायकोची अर्धी हयात गेलेली असते.

कोणता कायदा लागू

१९५५ चा हिंदू विवाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सर्वांना लागू आहे. बौद्ध पद्धतीने लग्न झालेली जोडपी याबद्दल हमखास विचारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. अनुसूचित जमातींना मात्र तो आपोआप लागू होत नाही, कलम २(२) मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडच्या अर्जदारांनी हा मुद्दा वकिलाशी पहिल्याच भेटीत बोलावा.

दुसरा घोळ 'रजिस्टर लग्ना'चा. लग्न विधीने लावून नंतर त्याची नोंद केली असेल, तर तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचंच. विवाह अधिकाऱ्यासमोर नोटीस देऊन, थेट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली केलं असेल, तर संमतीचा अर्ज त्या कायद्याच्या कलम २८ खाली जातो. प्रमाणपत्रावर कायद्याचं नाव छापलेलं असतं, ते वाचा. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे कायदे वेगळे, आणि गोव्यातलं लग्न असेल तर तिथला नागरी कायदा पाहावा लागतो. पुढचं सगळं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब बद्दल, म्हणजे संमतीच्या घटस्फोटाच्या कलमाबद्दल, महाराष्ट्रापुरतं.

एक वर्ष, सहा महिने, दीड वर्ष

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अर्ज दाखल करण्याच्या दिवशी दोघं किमान एक वर्ष वेगळं राहत असायला हवेत. 'आता अर्ज टाकू, वर्ष होईल तोवर' हे चालत नाही. वेगळं राहणं म्हणजे वेगळी घरंच हवीत असं मात्र नाही. नवरा-बायको म्हणून न राहता एका छपराखाली राहिलं तरी ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात म्हटलंय. मुंबई-पुण्यात दुसऱ्या भाड्याचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी हे मोलाचं. फक्त वेगळं झाल्याची तारीख सगळीकडे एकच ठेवा. वकिलाच्या नोटिशीत मार्च, पोलिसांकडच्या तक्रारीत जून आणि अर्जात दिवाळी असली, की न्यायाधीश चष्म्यावरून बघणारच.

अर्ज दाखल झाला की त्या तारखेपासून सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन 'अजूनही हेच हवंय' असं सांगायचं. सहा महिने मोजायचे ते अर्ज दाखल झाल्यापासून, कोर्टातल्या समुपदेशकाच्या भेटीपासून नव्हे. सहा महिने झाले की हुकूमनामा आपोआप घरी येईल अशी समजूत करून बसलेले लोक दिसतात. कोणी काही कळवत नाही. तारीख लावून घेऊन दोघांना हजर व्हावं लागतं.

'ते सहा महिने आता काढून टाकलेत' असं तुम्हाला हमखास कोणीतरी सांगेल. काढलेले नाहीत. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार कोर्ट ते माफ करू शकतं, पण अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं ठरलेलं हवं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो पहिल्या हजेरीनंतर आठवड्याने करता येतो, आणि मान्य करायचा की नाही हे न्यायाधीशाच्या हाती. २०२३ चा तो गाजलेला निकाल, ज्यात पूर्ण तुटलेलं लग्न थेट मोडता येईल असं म्हटलं, तो सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकाराबद्दल आहे. कुटुंब न्यायालयाला तो अधिकार नाही.

कागद

दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नाची पत्रिका, लग्नातले फोटो, मुलांचे जन्मदाखले, उत्पन्नाचे कागद. हे बहुतेकांकडे असतं. नसतं ते विवाह नोंदणी प्रमाणपत्र.

आणि इथे मला खरोखर चीड येते. नोंदणी नाही म्हणून कोर्टात अर्ज घेणाऱ्या टेबलावरून परत पाठवलेली जोडपी ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन, साक्षीदार गोळा करून, आधी लग्न नोंदवून घेतात. घटस्फोटासाठी! नोंदणी नसली म्हणून लग्न अवैध ठरत नाही, हे कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलंय. प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं, वाद नाही. नसेल तर नोंदणी झाली नसल्याचं अर्जातच सरळ लिहा आणि पत्रिका, फोटो, दोघांचं प्रतिज्ञापत्र जोडा. टेबलावर वाद घालू नका, वकिलाला न्यायाधीशासमोर बोलू द्या.

दुसरी अडचण बायकांच्या नावाची. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आणि पत्रिकेत तांदळात लिहून बदललेलं तिसरंच. अर्जाच्या शीर्षकातच सगळी नावं 'उर्फ' लावून घाला. हुकूमनाम्यात एकच नाव आलं, तर पुढे पासपोर्ट आणि बँक दोन्हीकडे अडतं.

परदेशात असलेल्यांनी कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. हे तीन महिने बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. व्हिडिओवरून हजेरीची परवानगी मिळते, पण ती आधी मागावी लागते.

कन्सेंट टर्म्स

कन्सेंट टर्म्स म्हणजे दोघांनी ठरवलेल्या अटींचा लेखी कागद. अर्जाचा जीव इथे आहे. 'दोघांचं आपसात ठरलंय' असं मोघम लिहू नका. रक्कम किती, कोणत्या तारखेला, डीडीने की खात्यावर, कोणत्या टप्प्याला किती, हे लिहा. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे सगळे पैसे पहिल्याच दिवशी देणारा फसतो आणि सगळे नंतर घेईन म्हणणारीही फसते. निम्मे पहिल्या हजेरीला आणि निम्मे शेवटच्या दिवशी कोर्टासमोर, ही रीत त्यातल्या त्यात सुरक्षित. स्त्रीधनाची यादी दागिन्यागणिक करा. मुलाला कोण कधी भेटणार, सुट्ट्या कशा वाटायच्या, त्याच्या पासपोर्टच्या अर्जावर दुसऱ्या पालकाने सही द्यायची की नाही, हेही लिहा. आईने 'मुलासाठी काही नको' असं लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.

४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) चालू असेल तर नीट ऐका: ती दोघांनी मिटवली म्हणून खालच्या कोर्टात मिटत नाही. उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते आणि त्यासाठी बायकोचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते कधी द्यायचं हे टर्म्समध्ये नसेल, तर घटस्फोट होऊनही नवऱ्याच्या तारखा चालूच राहतात.

वकील

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्यामुळे 'तीस दिवसांत खात्रीशीर घटस्फोट' अशी पाटी दिसली, तर ती एजंटाची तरी असते किंवा नियम न मानणाऱ्याची. कोर्टाच्या फाटकाशी थांबवून विचारणारे बहुतेक याच जातीचे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना, ते विचारा. त्यात कोणालाही राग यायचं कारण नाही. पोटगीच्या रकमेतून टक्केवारी मागायला वकिलाला मनाई आहे. फी एकरकमी की टप्प्याने, टायपिंग आणि नोटरी त्यात धरली की वेगळी, हे लिहून घ्या आणि पावती मागा.

अर्ज दोघांचा मिळून असल्यामुळे एकच वकील चालतो आणि खर्चही वाचतो. पण सही करण्याआधी टर्म्स दुसऱ्या कोणत्याही वकिलाला एकदा वाचायला द्या, विशेषतः तुमच्या वकिलाची ओळख समोरच्याच्या काकांनी करून दिली असेल तर. वकील बदलायचा झाला तर फी थकली म्हणून तो तुमचे कागद अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय.

महिलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोनसाठी १५१००. 'मोफत म्हणजे कामचुकार' असं म्हणून लोक तिथे जात नाहीत आणि मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरतात. एकदा जाऊन तर बघा.

अर्ज दाखल झाल्यावर सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या केसचा स्वतंत्र क्रमांक, मागून घ्या. सोळा अंक-अक्षरांचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. 'तारीख पडली' एवढ्याच निरोपावर महिने काढू नका.

समोरचा तयार नसेल तर कलम १३ चा, कारणं सिद्ध करण्याचा मार्ग. तो लांबचा आणि या लेखात मावणारा नाही. एवढंच सांगते की २००३ पासून बायको स्वतः जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते, पोटगी मागताना मालमत्ता-कर्जाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, आणि समोरच्याचा पत्ता खरा द्या. जुन्या पत्त्यावर समन्स पाठवून एकतर्फी मिळवलेला हुकूमनामा पुढे रद्द होऊ शकतो.

हुकूमनामा झाला त्याच दिवशी नक्कल विभागात सही-शिक्क्याच्या प्रतीसाठी अर्ज टाका, आणि एक नाही, तीन-चार प्रती मागा. पासपोर्ट ऑफिस, रेशन, भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन, सगळीकडे तीच लागते, आणि एखादी मूळ प्रत कोणत्या तरी टेबलावर राहून जातेच.